बाहेरून उघडणारी चेन

आमच्या विक्रोळीच्या खोलीत झोपायच्या जागा कुणी ठरवल्या होत्या हे कुणालाच आठवत नव्हतं. बाबा दाराशी, धाकटा भाऊ कपाट आणि पलंग यांच्या मधल्या पट्टीत, पलंगावर आजोबा होते तोवर आजोबा. माझी जागा तेवढी ठरवून दिलेली होती. ती आईनं दिली, मी तेरा वर्षांची असताना. भिंतीला लागून मी, माझ्या अलीकडे आई, आणि आईचा उजवा तळहात माझ्या पाठीवर. तो थोपटायला नसायचा. झोपेत माझं अंग हललं तर तिला कळावं म्हणून असायचा. मे महिन्यात त्या हाताखाली घाम साचायचा, मी वैतागून तो झटकायचे, आणि थोड्या वेळानं तो पुन्हा येऊन बसायचा. अशी सहा वर्षं गेली. आई त्या सहा वर्षांत नीट कधी झोपली असेल असं मला वाटत नाही, पण तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तेव्हा मला फक्त उकडायचं.

मला फिट यायची. पहिली आली ती गावी, कुडाळजवळ आमच्या आजोळी, आंब्याच्या सुट्टीत. मला त्यातलं काहीच आठवत नाही. आठवतं ते नंतरचं. डोळे उघडले तर नाकाशी कुणाची तरी चप्पल, तोंडात चमचा, मुठीत कोंबलेला चाव्यांचा जुडगा आणि भोवती सगळी वाडी. दात दुखत होते, फ्रॉक ओला झाला होता, आणि कुणीतरी म्हणत होतं की देवाचं काहीतरी राहिलंय. मुंबईला परतल्यावर बाबांनी मला घाटकोपरच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या आणि आईला समोर बसवून सांगितलं, की कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतं. थांबलं नाही तर मात्र सरळ हॉस्पिटल गाठायचं. आईनं ते सगळं पाठ केलं. आणि घरी येताना बसमध्ये स्वतःचं एक कलम त्यात घातलं. "गॅलरीत कोणाक सांगा नको. चेडवाची जात आसा." मुलीची जात, पुढे लग्न व्हायचं होतं.

त्यानंतर फिट आली ती नेहमी झोपेतच, पहाटेच्या सुमाराला, वर्षातून दोनदा-तीनदा, पुढे तेवढीही नाही. त्यामुळे लपवणं जमून गेलं. आमची बिल्डिंग तीन मजल्यांची, एका गॅलरीत आठ दारं. कुणाकडे बांगडा तळला आणि कुणाकडे आज नुसती कुळथाची पिठी आहे हे नाकाला कळायचं. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की आठही दारांतून डबे घेतलेली माणसं बाहेर पडायची. भिंती इतक्या पातळ की शेजारच्या सावंतकाकूंचा रेडिओ आम्ही आमचा म्हणून ऐकायचो. अशा ठिकाणी एवढी मोठी गोष्ट सहा वर्षं कुणाला कळली नाही, याचं मला आज नवल वाटतं. माझ्या गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात खोल पुरलेली असायची. जेवण झालं की आई तांदूळ बघितल्यासारखं करून गोळी काढायची आणि पाण्याच्या तांब्याबरोबर माझ्या हातात द्यायची. गोळीला कायम तांदळाची पावडर लागलेली असे. अजूनही एखादी गोळी घेताना मला ती चव येईल असं वाटतं.

डोंगरांची ओळख मला रेखानं करून दिली. ती माझ्याबरोबर कॉलेजात होती, भांडुपला राहायची, धबधब्यासारखी बोलायची आणि कुणाच्याही घरी जाऊन ताट मागून घ्यायची. तिच्यामुळे मी मुलुंडच्या एका ग्रुपबरोबर रविवारचे ट्रेक करायला लागले. आईनं त्याला हरकत घेतली नाही, कारण सकाळी गेलेली मुलगी संध्याकाळी परत यायची आणि माझं दुखणं झोपेतलं होतं. त्या रविवारांमध्ये मला पहिल्यांदा कळलं की माझे पाय चांगले आहेत. ज्या शरीराकडे घरी सगळे काचेच्या भांड्यासारखं बघायचे ते चढावर मजेत चालत होतं आणि बरोबरची मुलं मागून "हळू चल ना यार" म्हणत होती.

ग्रुप चालवायचे अरुणदादा. वय पंचेचाळीसच्या पुढे, पण सगळे त्यांना दादाच म्हणायचे. मुलुंडला त्यांचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप होतं आणि त्याच्यावर राहायची खोली. त्या खोलीत माणसांपेक्षा दोर, स्टोव्ह, पातेली आणि सॅकच जास्त होत्या. त्या हिवाळ्यात त्यांनी बारा दिवसांचा ट्रेक ठरवला. भीमाशंकरपासून निघायचं, नाणेघाटावरून हरिश्चंद्रगड, मग रतनगड आणि शेवटी कळसूबाई. सगळं पायी, सगळं पाठीवर. रेखानं मला न विचारता माझं नाव दिलं.

मी आधी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी माझा कागद उलटसुलट करून पाहिला. दीड वर्षात काही झालेलं नव्हतं. "जा की," त्या म्हणाल्या. "गोळी चुकवायची नाही, झोप पुरी घ्यायची, कड्याच्या टोकाशी बसायचं नाही. आणि बरोबरच्या एका तरी माणसाला माहीत पाहिजे. ही माझी अट आहे."

आईची अट याच्या बरोबर उलटी होती. तिनं तीन दिवस धुसफूस केली, मग एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "जातलंस तर जा. पण थयसर कोणाक सांगूचा नाय. दोन वर्सांनी तुका बघूक येतले. ह्या मुलुंड-भांडुपातसूनच येतले."

मी दोघींनाही हो म्हटलं. डॉक्टरीणबाईंना खोटं आणि आईला खरं. कुणालाही न सांगता जायचं, बारा दिवस निभावून न्यायचे, असं मी ठरवून टाकलं. एकोणीस वर्षांच्या मुलीला दीड वर्ष म्हणजे जन्मभर वाटतं. मला खरंच वाटत होतं की ते गेलं.

ते गेलेलं नाही हे मला एका स्लीपिंग बॅगनं सांगितलं. निघायच्या तीन आठवडे आधी अरुणदादांनी सगळ्यांना सामान वाटायला बोलावलं. सकाळची वेळ, खाली लेथ बंद, वर आम्ही दहा-बारा जण. त्यांनी माळ्यावरून बॅगा खाली टाकल्या आणि म्हणाले, "आत शिरा, चेन लावा, कूस बदलून बघा. तिथे गेल्यावर मला सांगू नका की खांदा अडकतो." सगळे जमिनीवर आडवे झाले. हसणं-खिदळणं चाललं होतं. माझ्या वाट्याला निळ्या रंगाची निमुळती बॅग आली, खांद्याशी रुंद आणि पायाशी चिंचोळी, डोक्याला टोपडं, गळ्याशी आवळायची दोरी. चेन गळ्यापासून फक्त छातीपर्यंत. हलकी होती आणि ऊबदार होती. मी आत शिरले, चेन वर ओढली, दोरी आवळली आणि छताकडे बघत पडले.

आणि मला कळलं की माझे हात आत आहेत. मला हे यापूर्वी कधी सुचलंच नव्हतं. घरी मी चादरीत झोपायचे, चादर कुणीही ओढून काढू शकत होतं. इथे मला पहाटे काही झालं, तर आतल्या आत होईल, तोंड टोपड्यात, दोरी गळ्याशी, आणि बाजूला रेखा घोरत असेल. बाहेरून कुणी उघडायला गेलं तरी चेन ओढायची किल्ली आतल्या बाजूला. मी उठून बसले आणि बॅग पायांनी ढकलून दिली.

"काय झालं?" अरुणदादांनी विचारलं.

"मला नाही आवडली."

"आवडीचा प्रश्नच नाहीये, थंडीचा आहे. हरिश्चंद्रगडावर जानेवारीत दात वाजतात."

"मी घरून गोधडी आणते ना."

"गोधडी दवानं भिजली की उचलून बघ मग. उगाच नखरे करू नकोस, तुझ्या उंचीला हीच बसते."

सगळ्यांसमोर नखरे म्हटल्याचा मला राग आला, आणि त्याहून जास्त, ते नखरे नाहीत हे सांगता येत नाही याचा. मी बॅग काखेत मारून घरी आले. आईनं ती उलगडून आत हात घालून पाहिली. ती त्या दोरीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "ह्याच्यात तू झोपतलंस?" मी मान हलवली. "मगे नको जाव," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. आपल्याला नाही म्हणावं लागलं नाही, बॅगनंच म्हटलं, असं.

पुढचे आठ दिवस मी निळ्या बॅगकडे बघत काढले. एकदा दुपारी घरात कुणी नसताना मी तिच्यात शिरून दोरी न आवळता पडून पाहिलं. टोपडं उलटं दुमडून पाहिलं. चेन अर्धी ठेवून पाहिलं, तर खांदे उघडे पडायचे. आत्ता मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या मुलीनं मोबाईलवर स्लीपिंग बॅग मागवली. किती डिग्रीपर्यंत चालेल, किती ग्रॅमची आहे, पाऊस लागला तर काय, सगळं तिथे लिहिलेलं, आणि न आवडल्यास परत. मी तिला विचारलं, बाहेरून उघडते का. ती म्हणाली, "मावशी, बाहेरून कोण कशाला उघडेल?" मी म्हटलं, असंच विचारलं.

शेवटी मी नाव काढून घ्यायचं ठरवलं. बाबांची सुट्टी गुरुवारी असायची. मी बॅग परत द्यायला निघाले तर तेही चपला घालून उभे राहिले. बाबा पूर्वी परळच्या मिलमध्ये होते. मिल बंद झाल्यावर विक्रोळीच्या कारखान्यात स्टोअरला लागले. मिलच्या आवाजात तीस वर्षं ओरडून बोललेला माणूस असा गप्प कसा झाला कोण जाणे. बसमध्ये त्यांनी बॅग मांडीवर घेतली होती. मुलुंड येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले: "वजनाक तशी हलकी आसा."

अरुणदादा वर्कशॉपमध्येच होते. हात पुसत पुसत ते आम्हाला वर घेऊन गेले, बाबांना खुर्ची दिली, स्टोव्हवर चहा ठेवला. मी बॅग खाली ठेवली आणि घरून पाठ करून आणलेलं बोलले.

"दादा, मी येत नाहीये. घरून परवानगी नाही."

अरुणदादांनी बाबांकडे पाहिलं. बाबा स्टोव्हकडे बघत होते. ते म्हणाले, "परवानगी आहे. माझी आहे."

एवढंच. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला आधी वाटलं त्यांना माझं बोलणं नीट ऐकू आलं नाही. मग कळलं की आलं होतं. दोघेही पुरुष मी काय बोलते याची वाट बघत होते. बाबांनी माझ्याऐवजी सांगितलं असतं तर मी रागावले असते. त्यांनी फक्त माझं खोटं काढून घेतलं.

"मला फिट येते," मी म्हणाले. "झोपेत. दीड वर्षात आली नाही, पण येते. त्या बॅगेत मला भीती वाटते."

हे शब्द मी घराबाहेरच्या माणसासमोर पहिल्यांदा उच्चारत होते. अरुणदादांनी स्टोव्ह बारीक केला. मला वाटलं आता ते म्हणतील की बाळा, तू पुढच्या वर्षी ये. ते म्हणाले, "किती वेळ चालते?"

"दोन-तीन मिनिटं."

"तेव्हा काय करायचं असतं?"

मी सांगितलं. कुशीवर, डोक्याखाली मऊ, तोंडात काही नाही, घड्याळ बघायचं.

"कांदा-चप्पल काही नाही?"

"नाही."

"पाच मिनिटांच्या वर गेली तर?"

"मग हॉस्पिटल."

"म्हणजे रोज जवळचा रस्ता कुठला ते मला माहीत पाहिजे. ते असतंच." त्यांनी चहा गाळून बाबांच्या हातात कप दिला. "मग ही बॅग तुझ्या कामाचीच नाही. हे त्या दिवशी सांगितलं असतंस तर आठ दिवस फुकट गेले नसते. मी नखरे म्हटलं ते विसर." आणि ते स्टूल घेऊन माळ्याकडे गेले.

त्यानंतरचा तासभर माझ्या डोळ्यांसमोर अगदी काल घडल्यासारखा आहे. अरुणदादांनी माळ्यावरच्या उरलेल्या बॅगा खाली टाकल्या आणि स्वतः एकेका बॅगेत शिरले. पोट सुटलेला, मिशीवाला, हातांना ग्रीस लागलेला माणूस जमिनीवर बॅगेत आडवा. "मी आत हातपाय झाडतो," ते बाबांना म्हणाले, "तुम्ही बाहेरून उघडा. घाई करायची, पण जोर नाही करायचा." बाबा गुडघ्यांवर बसले. पहिली निळीच होती. त्यात बाबांना टोपड्यातून हात घालून चेन शोधावी लागली आणि दोरीची गाठच सुटेना. दुसरी मिलिटरीची जुनी, पिसांची, भरपूर गरम. तिची चेन गुडघ्यापर्यंत जायची, पण वीतभर खाली आल्यावर कापड खायची. बाबा ती ओढत राहिले, ओढत राहिले. आत अरुणदादा नाटकी हलत होते, पण बाबांनी दुसऱ्या हातानं त्यांचं डोकं खरोखरच सावरून धरलं होतं. सहा वर्षांत मी स्वतःची फिट कधी पाहिली नव्हती. बाबांनी प्रत्येक पाहिली होती. ते मला तेव्हा दिसलं.

"थांबा," अरुणदादा आतून म्हणाले, "ही नको." ते बाहेर आले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिसरी उलगडली. हिरवी, चौकोनी, गादीसारखी. चेन एका खांद्यापासून खाली जाऊन पायाशी वळायची आणि पूर्ण उघडली की तिचं सरळ पांघरूण व्हायचं. बाबांनी खांद्याशी हात आत घालून दोन झटक्यांत ती उघडली. पुन्हा लावून पुन्हा उघडली. तिसऱ्यांदा ते हसले.

"पण जड आहे," अरुणदादा मला म्हणाले. "निळीपेक्षा किलोभर जास्त, आणि डोक्याला काही नाही. थंडी वाजणार. चालेल?"

"चालेल."

"आणि किल्ली आतूनच आहे. घाटकोपरला स्टेशनजवळ एक चेनवाला बसतो, त्याच्याकडून दोन्हीकडून ओढायचा रनर लावून घे. आणखी एक. रेखाला सांगणार तू. मी सांगणार नाही. तुझ्या शेजारी तिचं अंथरूण असेल."

चेनवाल्यानं पाच मिनिटांत रनर बदलला. का हवाय म्हणून त्यानं विचारलंही नाही. बाबा तिथेच उभे राहून तो चार वेळा वरखाली करून बघत होते.

घरी आईला बाबांनी सांगितलं, आणि सांगताना म्हणाले, "फिटचा मीच बोललंय तेंका." मी मध्ये बोलायला गेले तर त्यांनी डोळ्यांनी थांबवलं. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. माझ्याशी बोलायची, पण भाताबद्दल आणि कपड्यांबद्दल. तिसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर हिरवी बॅग जमिनीवर उघडी पसरलेली आणि आई तिच्यावर बसून सुई ओढत होती. तिनं स्वतःची मऊ झालेली सुती साडी दुहेरी करून आतून अस्तर लावलं होतं, गोधडीला घालतात तशा लांब टाक्यांनी. चेनच्या कडेला मात्र टाका नव्हता. "थय शिवलंय तर अडकतला," ती वर न बघता म्हणाली. मी तिच्या बाजूला बसून दोरा ओवून द्यायला लागले. आमच्यात त्या विषयावर एवढंच बोलणं झालं.

रेखाला सांगणं सगळ्यात सोपं निघालं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढंच होतं? मला वाटलं तुझं अरुणदादांशी भांडण झालंय." दुसऱ्या दिवशी ती घरी आली, आईनं तिला घावणे आणि नारळाचा रस खायला घातला आणि समोर बसवून परीक्षा घेतली. "तोंडात काय घालतलंस?" "काही नाही, काकी." "पाणी?" "पाणीपण नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत नाही." "खयच्या कुशीर?" "डाव्या." आईनं तिला आणखी एक घावणा वाढला.

ट्रेकचं सगळं इथे सांगत नाही. पायाला फोड आले, नाकाचं साल गेलं, नाणेघाटात वाऱ्यानं माझी टोपी नेली. हिरव्या बॅगेचं वजन मला रोज दुपारी दोननंतर कळायचं, आणि पहाटे थंडी खांद्यातून शिरायची. टोपड्याच्या बॅगवाले मजेत असायचे. तरी मी झोपायचे, रोज, आडवी झाले की. पाठीवर कुणाचा हात नसताना झोप लागते का याची मला धास्ती होती, तीही पहिल्या दोन दिवसांतच गेली.

आठव्या दिवशी पाचनईला, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या गावात, शाळेच्या ओसरीवर मला फिट आली. मला आठवतं ते नेहमीसारखं नंतरचं. उजाडलेलं होतं. मी डाव्या कुशीवर होते, डोक्याखाली रेखाचा स्वेटर, हिरवी बॅग पांघरुणासारखी अंगावर. नाकाशी चप्पल नव्हती. भोवती गर्दी नव्हती. थोड्या अंतरावर ग्रुपमधली मुलं दात घासत होती, कुणीतरी पातेलं घासत होतं. रेखा माझ्या बाजूला मांडी घालून बसली होती, हातात घड्याळ.

"दोन मिनिटं दहा सेकंद," ती म्हणाली. "चेन एकदम झकास उघडली. झोप आता."

मी पुन्हा झोपले. उठले तेव्हा ऊन ओसरीवर आलं होतं. जीभ कडेला चावली गेली होती, त्यामुळे चहा जात नव्हता. शाळेशेजारच्या घरातल्या बाईंनी नाचणीची पेज आणून दिली, कोमट, किंचित मीठ घातलेली. मी ती भिंतीला टेकून हळूहळू प्यायले. मी सहा वर्षं ज्याला भीत होते, आईनं सहा वर्षं ज्यासाठी झोप सोडली, ते होऊन गेलं होतं, घराबाहेर, दहा लोकांच्या देखत, आणि ते दहा जण आता कांदा कोण कापणार यावरून वाद घालत होते. मला रडू आलं ते दुःखाचं नव्हतं. खांद्यावरून काहीतरी उतरवून ठेवल्यावर मान हलकी होते, तसं होतं ते.

अरुणदादा येऊन बसले. "इथून राजूरला गाडीची सोय होते," ते म्हणाले. "तुला घरी जायचं असेल तर मी सोबत येतो. चालायचं असेल तर दुपारी निघू, आज फक्त कुमशेतपर्यंत. तुझी सॅक वाटून घेऊ. घाईनं सांगू नकोस."

मी घाईनंच सांगितलं. दुपारी माझ्या पाठीवर फक्त पाण्याची बाटली होती आणि हिरवी बॅग रेखाच्या सॅकवर बांधलेली होती. कड्याच्या बाजूनं कुणी ना कुणी माझ्या आणि दरीच्या मध्ये चालत होतं. कुणी तसं ठरवलेलं दिसलं नाही.

पुढे अजून चार-पाच वर्षं मी गोळ्या घेतल्या, मग डॉक्टरीणबाईंनी हळूहळू कमी करत बंद केल्या. लग्न झालं ते आधी सगळं सांगूनच झालं. पण ते खूप नंतरचं.

घरी पोचले तेव्हा आईनं मला दारातच डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं. आंघोळ झाली, जेवायला बसले. बांगड्याचं तिखलं आणि भात. मी ठरवलं होतं की सांगायचं, आणि तिसऱ्या घासाला सांगितलं.

"आई, आठव्या दिवशी आली होती."

तिचा वाढायचा हात थांबला. "खय?"

"पाचनईला. शाळेत."

"कोणी बगल्यान?"

"सगळ्यांनी."

आईनं पळी पातेल्यात ठेवली. बाबा जेवायचे थांबले होते. मग तिनं विचारलं, "मगे?"

"मग झोपले. पेज प्यायले. दुपारी चालायला लागले."

"चललंस? त्याच दिशी?"

"हो. तीन तास."

तिनं माझ्या भातावर तिखल्याचा रस घातला, मग आणखी घातला. बराच वेळ ती माझ्या पायांकडे बघत होती, म्हणजे मांडी घातलेल्या, साल गेलेल्या, काळ्या पडलेल्या पावलांकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत पाणी भरायची गडबड चालली होती. मी आत आरशासमोर वेणी घालत होते. सावंतकाकूंचा आवाज आला. "काय हो, तुमची सुलू कुठे होती इतके दिवस? दिसली नाही." आई नेहमी अशा वेळी मावशीकडे गेली, गावी गेली, असं काहीतरी ठोकून द्यायची. मी वेणी हातात धरून थांबले.

"डोंगरात गेलां होतां," आई म्हणाली. तिचा आवाज आठही दारांत जाईल एवढा मोठा होता. "माझ्या चेडवाक फिट येता. ल्हानपणापासून. तरी बारा दिस डोंगर चलान इलां."

कुणीतरी बादली खाली ठेवली. मग सावंतकाकू म्हणाल्या, "बारा दिवस? कुठून कुठवर?"

"माका काय ठावक," आई म्हणाली. "सुलू, भायर ये. काकींका सांग खयसून खय गेलंस तां."

मी अर्धी वेणी तशीच ठेवून बाहेर गेले.